सात पेरं: फ्रान्सला साहाय्यक शिक्षिका म्हणून गेलेल्या एका मुलीचं प्रकरण

जाण्याआधीच्या मे महिन्यात मी तिचा एक तास पाहिला होता. पुण्यातली फ्रेंचची सुट्टीची बॅच, दहावीची परीक्षा देऊन आलेली पंधरा-सोळा मुलं, धडा वय विचारण्याचा. पहिल्या बाकावरच्या मुलाला तिनं विचारलं, "केल आज आ त्यू?" म्हणजे तुझं वय काय. मुलगा छताकडं बघून आठवायला लागला. तो आठवतोय तोवर हिनं "झे..." अशी सुरुवात करून दिली, मग "झे सेझ..." इथपर्यंत आणून सोडलं, आणि तरी तो बोलेना म्हटल्यावर पूर्ण वाक्य स्वतःच म्हणून ती पुढच्या बाकाकडं वळली. तासभर हेच चाललं. फळा भरला, वह्या भरल्या, मुलं खूश होऊन घरी गेली. माझ्या निरीक्षणवहीत त्या दिवशीची नोंद आहे: "तयारी उत्तम, आवाज खणखणीत, फळ्यावरचं लेखन नीट. मुलं बोलली नाहीत."

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. नव्यानं शिकवायला लागलेल्यांचे तास बघायचे आणि नंतर त्यांच्याशी बसून बोलायचं, हाही माझ्या कामाचा भाग आहे. परदेशात शिकवून आलेली मुलं बदलून येतात, असं आम्ही सगळेच म्हणतो. काय बदलतं, कशामुळे बदलतं आणि परत आल्यावर त्यातलं किती टिकतं, हे एकीच्या बाबतीत तरी बारकाईनं बघावं म्हणून हे लिहिते आहे. हाताशी तीन गोष्टी आहेत: तिच्या तासांची माझी टिपणं, तिनं तिथं भरलेली एक वही, आणि सात महिन्यांत तिनं मला पाठवलेले व्हॉइस मेसेज. लिहिते आहे ते तिच्या परवानगीनं. नाव, गाव आणि शाळा मुद्दाम सांगत नाही.

योजना आणि नेमणूक

फ्रान्सची भाषा-साहाय्यक योजना १९०५ पासून चालत आलेली आहे. आज तिचं काम पॅरिसजवळच्या सेव्हर इथली 'फ्रान्स एज्युकासियाँ अँतेर्नासिओनाल' ही सरकारी संस्था बघते. वेगवेगळ्या देशांतून दरवर्षी हजारो तरुण तिथल्या शाळांमध्ये आपापली भाषा बोलायला आणि शिकवायला जातात. मुदत १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल, सात महिने. काम आठवड्याला १२ तास. महिन्याला हातात पडतात साधारण ८०० युरो. विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. पहिला पगार हाती येईपर्यंतचा खर्चही घरूनच न्यावा लागतो, आणि मध्यमवर्गीय घरात ही रक्कम छोटी नसते. हिच्या वडिलांनी ठेव मोडली होती.

भारतातून जाणारे साहाय्यक तिथं इंग्रजी शिकवतात. हे ऐकलं की आपल्याकडचे पालक बुचकळ्यात पडतात. मुलगी फ्रेंचमध्ये एम.ए. झाली, तिला व्हायचंय फ्रेंचची शिक्षिका, आणि फ्रान्सला जाऊन ती शिकवणार इंग्रजी! हिच्या आईनं मला हेच विचारलं होतं, "मॅडम, याचा हिला उपयोग काय?" तेव्हा मी भाषा सुधारेल, आत्मविश्वास येईल असं ठरावीक उत्तर दिलं. खरं उत्तर मलाही नंतर कळलं.

तिला मिळाली क्लेरमाँ-फेराँची अकादमी. तिकडं अकादमी म्हणजे शिक्षण खात्याचा प्रशासकीय विभाग. मध्य फ्रान्सचा डोंगराळ भाग, विझलेल्या ज्वालामुखींचा. क्लेरमाँचं कॅथेड्रल व्होल्व्हिकच्या काळ्या लाव्हाच्या दगडात बांधलेलं आहे. पहिल्याच आठवड्यात तिनं त्याचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "मॅडम, आपल्या वाड्यांचा दगड." तिचं गाव तिथून रेल्वेनं तासाभरावर होतं. शाळा 'कोलेज', म्हणजे अकरा ते पंधरा वयाच्या मुलांची. तिकडं इयत्ता उलट्या मोजतात. आपल्या सहावीतल्या मुलांच्या वयाची मुलं त्यांच्याकडंही सहावीतच असतात, पण पुढच्या वर्षी ती पाचवीत जातात, मग चौथीत, मग तिसरीत. राहायला शाळेच्या वसतिगृहातली एक खोली मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी मुलं आपापल्या घरी जात आणि सोमवारी सकाळपर्यंत त्या मजल्यावर ती एकटी असे.

पहिले सहा आठवडे: प्रदर्शन

सुरुवात चांगली झाली नाही. शाळेला साहाय्यक मागून मिळाली होती, पण तिचं करायचं काय हे कुणी ठरवलेलं नव्हतं. मग सर्वांत सोपी वाट निघाली: "तुमच्या देशाबद्दल सांगा." तिनं ताजमहाल, दिवाळी, साडी, मसाले अशा स्लाइड बनवल्या आणि त्याच स्लाइड ती प्रत्येक वर्गात दाखवत फिरली. मुलं विचारत, "व्हू पार्ले अँदियँ?" म्हणजे तुम्ही इंडियन बोलता का? एका वर्गात तिनं फळ्यावर सगळ्यांची नावं देवनागरीत लिहून दिली. मुलांनी ती वह्यांच्या मुखपृष्ठांवर उतरवून घेतली. छान झालं ते. पण ऑक्टोबरच्या शेवटी तिच्या वहीत एक ओळ आहे: "आज तेच अकराव्यांदा दाखवलं. मी शिकवत नाहीये, मला बघतायत."

अशा कार्यक्रमांचं कौतुक करताना 'सांस्कृतिक देवाणघेवाण' हा शब्द फार सैल हातानं वापरला जातो, असं माझं मत आहे. शिकाऊ शिक्षकाला वर्गात आपल्या देशाचं पोस्टर म्हणून उभं केलं, तर त्याला शिकवण्याचा सराव मिळत नाही. तो टाळ्या घ्यायला शिकतो. हिचे सात महिन्यांतले सहा आठवडे त्यात गेले, आणि नशीब एवढंच की हिला त्याचा कंटाळा आला. कित्येकांना येत नाही.

दुसरी अडचण होती उच्चारांची. मुलांना साहाय्यक म्हटलं की लंडन किंवा न्यूयॉर्कची माणसं अपेक्षित होती. एका मुलीनं सरळ विचारलं, "म्हणजे तुम्ही खऱ्या इंग्रज नाही?" त्यानंतरचे काही दिवस हिनं ब्रिटिश वळणाचं बोलायचा प्रयत्न केला. तो व्हॉइस मेसेज माझ्याकडं आहे, तिचा आवाज मला ओळखू आला नव्हता. मी तिला एवढंच कळवलं की तुझ्या नेहमीच्या आवाजात बोल, तू जे इंग्रजी बोलतेस ते कोट्यवधी माणसांचं इंग्रजी आहे. त्याहून उपयोगी ठरलं ते पेतेर मेद्येश या हंगेरियन अभ्यासकाचं म्हणणं. जी भाषा आपण स्वतः कष्टानं शिकलो ती शिकवताना मुलांच्या चुका आपल्याला आधीच दिसतात, कारण त्या वाटेनं आपण गेलेलो असतो, असं त्यानं १९९० च्या दशकात मांडलं होतं. एम.ए.ला हे तिनं परीक्षेपुरतं वाचलं होतं. नोव्हेंबरात ते तिच्या वर्गात घडलं.

"आय हॅव फोर्टीन इयर्स"

या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे, म्हणून इथं जरा थांबते.

तिसरीच्या वर्गात, म्हणजे चौदा वर्षांच्या मुलांच्या, ती ओळख करून द्यायला शिकवत होती. एक मुलगा उठून म्हणाला, "आय हॅव फोर्टीन इयर्स." दुसरीही तेच म्हणाली. तिसराही. फ्रेंचमध्ये वय 'असत' नाही, ते 'बाळगलं' जातं: झे कातॉर्झ आँ, शब्दशः माझ्याजवळ चौदा वर्षं आहेत. मुलं आपल्या भाषेतलं वाक्य उचलून इंग्रजीत ठेवत होती. हिनं चूक सुधारली, फळ्यावर लिहिलं, पुढं गेली. आणि रात्री खोलीवर वही लिहिताना तिला पुण्यातली ती सुट्टीची बॅच आठवली. तिथली मुलं काय म्हणायची? "झ स्वी सेझ आँ." मी सोळा वर्षं आहे! दर वर्षी, दर बॅचमध्ये, हीच चूक. फ्रान्समध्ये 'असणं'च्या जागी 'बाळगणं', पुण्यात 'बाळगणं'च्या जागी 'असणं'. एकाच दाराच्या दोन बाजू.

त्या रात्री तिनं वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडं फ्रेंच मुलांच्या इंग्रजीतल्या चुका, उजवीकडं पुण्यातल्या मुलांच्या फ्रेंचमधल्या. "आय अ‍ॅम अ‍ॅग्री" याच्यासमोर रिकामं. "आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स" याच्यासमोर प्रश्नचिन्ह. 'हाऊस'चा 'ह' गायब होतो, त्याच्यासमोर: "आपली मुलं 'ओतेल'ला 'होटेल' म्हणतात." वयाच्या चुकीपुढं मात्र ती अर्धं पान लिहीत गेली होती. तिच्या लक्षात आलं की मराठीत 'बाळगणं' या अर्थाचं रोजच्या वापरातलं वेगळं क्रियापदच नाही. माझ्याकडं पेन आहे, मला बहीण आहे, मी सोळा वर्षांची आहे, मला ताप आहे. सगळीकडं 'आहे'च येतं. फ्रेंच मात्र पेनाला, बहिणीला, वयाला आणि तापाला एकच 'आव्वार' लावते. आमच्या मुलांना 'आव्वार'ची सहा रूपं तोंडपाठ असतात. ते कुठं वापरायचं, हे त्यांना मराठीतून समजावून कुणी सांगितलेलंच नसतं. ती चूक निष्काळजीपणातून होत नव्हती. ती मराठीतून येत होती.

हे तिला पुण्यात राहून कळलं नसतं का? कदाचित कळलं असतं. पण पुण्यात ती फ्रेंच शिकवत होती आणि तिला फ्रेंच येत होतं, म्हणून मुलांची चूक तिला फक्त चूक दिसायची. तिथं एकाच वर्गात ती इंग्रजीची शिक्षिका होती आणि त्याच मुलांच्या भाषेची विद्यार्थिनीही होती. मुलाच्या इंग्रजी वाक्यामागचं फ्रेंच तिला ऐकू येत होतं, कारण ते फ्रेंच कमवायला तिनं पाच वर्षं घालवली होती. तिच्या आईच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. फ्रेंचच्या शिक्षिकेनं फ्रान्सला जाऊन इंग्रजी शिकवण्याचा उपयोग तो हा.

सात पेरं

डिसेंबरपासून तिला सहा-सहा मुलांचे गट मिळायला लागले. ग्रंथालयाला लागून एक छोटी खोली, गोल टेबल, अर्धा तास. वर्गशिक्षिका उरलेल्या मुलांना घेऊन बसायची. एके दिवशी ती शिक्षिका या खोलीत येऊन मागं बसली, आणि अर्ध्या तासानं तिनं एक कागद हिच्या हातात दिला. कागदावर दोन रकाने होते. एका रकान्यात हिची वाक्यं, पान भरून. दुसऱ्यात मुलांची: येस, नो, येस, डॉग, आय डोन्ट नो. खाली फ्रेंचमध्ये एक ओळ: "ते विचार करत असतात तेव्हा तुम्ही बोलता."

माझ्या निरीक्षणवहीतली "मुलं बोलली नाहीत" ही नोंद आणि हा कागद, दोन्ही एकाच गोष्टीबद्दल आहेत. माझी नोंद निकाल होती. त्या बाईंनी कारण दाखवलं, आणि हिच्या डोळ्यांसमोर मांडून दाखवलं. नव्या शिक्षकांचे तास बघणाऱ्या माझ्यासारखीला यात शिकण्यासारखं खूप होतं. तेव्हापासून मीही निकाल लिहिणं सोडलं आहे, दोन रकाने करते.

मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेनं १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच काळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला की मुलांची उत्तरं लांबतात, न विचारता बोलणारी मुलं वाढतात आणि 'माहीत नाही' कमी होतं. तिचे प्रयोग विज्ञानाच्या वर्गातले, मुलांच्या स्वतःच्या भाषेतले. परक्या भाषेत मुलाला आधी प्रश्न कळायचा असतो, मग उत्तर सुचायचं असतं, मग शब्द जुळवायचे असतात. तीन सेकंद कसे पुरतील?

पण थांबायचं कसं? तिनं मला सांगितलं की मनात आकडे मोजायला गेलं की मोजण्याचा वेग वाढत जातो, घाबरलेल्या माणसाचा वाढतो तसा. मग तिला आजीची सवय आठवली. आजी जप करताना अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची. हिनं हात स्वेटरच्या खिशात घातला आणि प्रश्न विचारून झाला की करंगळीच्या खालच्या पेरापासून अंगठा सरकवायला सुरुवात केली. करंगळीची तीन, अनामिकेची तीन, मधल्या बोटाचं एक. सात पेरं होईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

वहीतली त्या आठवड्याची पानं वाचताना मला रडू आलं. "पहिल्या दिवशी चौथ्या पेरावर बोलून गेले." "आज सात. कुणी बोललं नाही. परत सात. मग एक मुलगी बोलली, पूर्ण वाक्य." "सहाव्या पेरावर लुकलुकते डोळे. सातव्यावर उत्तर. मी आजवर किती उत्तरं पाचव्या पेरावर मारली असतील?"

समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये एक गोष्ट सांगितली होती: शिक्षक होण्याआधी प्रत्येकानं हजारो तास विद्यार्थी म्हणून बाकावर बसून काढलेले असतात. शिकवणं म्हणजे काय, ही समज तिथंच घट्ट होते. ही एक न सांगता झालेली उमेदवारीच. हिनं ज्या वर्गांत उमेदवारी केली त्यांत शांतता म्हणजे नामुष्की होती, शिक्षिकेचीही आणि मुलाचीही. बी.एड.च्या सराव-पाठांमध्येसुद्धा वर्ग गप्प झाला की निरीक्षकाच्या भुवया वर जातात. हे पुस्तकातून सुटत नाही. तिथं तिच्याकडं सहाच मुलं होती, संपवायचा अभ्यासक्रम नव्हता, आणि मागं बसलेल्या बाई तिची परीक्षा घेत नव्हत्या. एवढं मोकळं अंगण मिळालं, म्हणून ती सवय सुटायला लागली.

दुकानात, फोनवर

ती मोठ्या परीक्षा देऊन गेलेली मुलगी होती. तरी पहिल्या आठवड्यात घरभाड्याच्या सरकारी मदतीसाठी फोन केला आणि पलीकडच्या बाईंनी एक नंबर सांगितला, तो तिला लिहून घेता आला नाही. फ्रान्समध्ये फोन नंबर दोन-दोन आकड्यांच्या जोड्यांनी सांगतात. त्यात सत्त्याण्णव म्हणजे 'कात्र-वाँ-दि-सेत', चार विसा आणि सतरा. तिनं 'कात्र' ऐकून ४ लिहिला, 'वाँ' ऐकून तो खोडून ८० केला, 'दि-सेत' ऐकून तोही खोडून ९७ लिहिला, तोवर पुढच्या दोन जोड्या निघून गेल्या होत्या. तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटून तिनं "मेर्सी" म्हणून फोन ठेवला.

आपल्याकडं २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला होता. संख्या ऐकणं हे वेगळं कौशल्य आहे, हे त्या वादात तरी सगळ्यांना जाणवलं असेल. फ्रेंचच्या वर्गात आम्ही एक ते शंभर पाठ करून घेतो आणि पुढं जातो. ते आकडे पळत असताना पकडायला कुणी शिकवत नाही.

'झ न से पा', म्हणजे मला माहीत नाही, हे पूर्ण वाक्य तिला सात महिन्यांत क्वचितच ऐकू आलं. सगळे म्हणतात 'शे पा'. 'नू', म्हणजे आम्ही, याच्या जागी सगळीकडं 'ऑं'. ती वहीत लिहिते, "मी मुलांना लग्नातली साडी नेसवून बाजारात पाठवत होते."

जानेवारी वाईट गेला. बारा तासांच्या कामानंतर उरलेला आठवडा फार मोठा असतो. थंडी, लवकर पडणारा अंधार, रिकामा मजला. एखादे शिक्षक आले नाहीत की शाळा पूर्ण वर्ग हिच्यावर सोपवायला लागली, जे साहाय्यकाचं काम नाही. तक्रार करावी तर कुणाकडं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या महिन्यातले तिचे निरोप छोटे आहेत, आणि मी दिलेली उत्तरं त्याहून छोटी आहेत.

परतल्यावर

मेमध्ये ती आली. जूनपासून एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवायला लागली. महाराष्ट्रात या दोन वर्षांत फ्रेंच-जर्मन घेणाऱ्यांपैकी पुष्कळ मुलं टक्क्यांसाठी घेतात, हे उघड आहे. लेखी ८०, तोंडी २०. वर्गात सत्तरच्या वर मुलं.

जुलैत मी तास पाहिला. तिनं प्रश्न विचारला आणि हात ओढणीखाली गेला. मला माहीत होतं, पेरं मोजतेय. तिसऱ्या-चौथ्या पेरावर मागच्या बाकांवर कुजबुज, सहाव्यावर गलका. व्हरांड्यातून जाणाऱ्या विभागप्रमुख दारात थांबल्या. तास संपल्यावर त्यांनी तिला प्रेमानंच सांगितलं, "अगं, ते तिकडचं ठीक आहे. इथं पोर्शन वेळेत व्हायला हवा. आणि वर्ग असा सोडू नकोस." दिवाळीच्या आधी मी पुन्हा गेले तेव्हा ती उत्तरं उतरवून देत होती. फळा भरला होता. मुलं बोलत नव्हती.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ केनेथ झाइकनर आणि रॉबर्ट टाबाक्निक यांनी १९८१ मध्ये विचारलं होतं की प्रशिक्षणात आलेले नवे विचार शाळेत गेल्यावर धुऊन जातात का. त्या दुपारी मी ते धुऊन जाणं डोळ्यांनी पाहिलं. दोष मी त्या विभागप्रमुखांना देत नाही. सत्तर मुलं आणि मार्चमध्ये परीक्षा, हे ओझं त्यांच्याही खांद्यावर होतं. मला राग आला तो आमच्या व्यवस्थेचा. आम्ही मुलीला निरोप देताना पेढे वाटले, फोटो काढले, आणि ती काय घेऊन परत येईल याची जागा घरात करून ठेवली नाही. त्यात मीही होते. सात महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, "हे इथं कसं करशील?"

मात्र सगळं धुऊन गेलं नव्हतं. दोन रकान्यांची वही तिनं सोडली नव्हती. वयाचा धडा ती आता मराठीतून सुरू करते: फळ्यावर 'आहे'ची पाच वाक्यं लिहिते आणि मुलांना विचारते, यातला कुठला 'आहे' फ्रेंचमध्ये 'आव्वार' होईल? याला दहा मिनिटं जास्त लागतात, आणि "झ स्वी सेझ आँ" तिच्या मुलांच्या वह्यांमध्ये आता मला क्वचित दिसतं. आकड्यांच्या तासाला ती फोन नंबर जोड्यांनी सांगते, एकदाच, पळत्या वेगानं, आणि न कळल्यास परत कसं विचारायचं ते आधी शिकवते. लाज न वाटता चौथ्यांदा विचारायचं, हाही तिच्याकडं धड्याचा भाग आहे. या गोष्टी सत्तर मुलांत, पोर्शनच्या आत बसल्या म्हणून टिकल्या. थांबणं बसत नव्हतं, म्हणून गेलं.

नोव्हेंबरात आम्ही दोघी तिच्या वेळापत्रकाचा कागद घेऊन बसलो. थांबायला जागा कुठं आहे, एवढाच प्रश्न. सापडली ती तोंडी परीक्षेच्या २० गुणांत. त्याची तयारी एरवी छापील प्रश्नोत्तरं पाठ करून होते. तिनं ठरवलं की आठवड्यातला एक तास लेखनाचा, बाकीचा वर्ग जुनी प्रश्नपत्रिका सोडवेल आणि त्या वेळात सहा-सहा मुलं टेबलाभोवती येतील, आळीपाळीनं. विभागप्रमुखांना हे तिनं 'ओरलची तयारी' म्हणूनच सांगितलं, आणि ते खरंही होतं. परवानगी मिळाली. प्रत्येक मुलाचा नंबर साधारण तीन महिन्यांनी येतो. हे फार कमी आहे, मला मान्य आहे. पण मी त्यातला एक गट पाहिला. तिनं विचारलं, सुट्टीत काय केलंस? मुलगी गप्प. हात ओढणीखाली. शेजारचा मुलगा सांगायला पुढं झाला तसं हिनं डाव्या हातानं त्याला थांबवलं. बऱ्याच वेळानं ती मुलगी म्हणाली की ती आजोळी गेली होती, आणि मग न विचारता आणखी एक वाक्य बोलली: आजीनं तिला पोहायला शिकवलं, विहिरीत. विहिरीला फ्रेंच शब्द आठवेना म्हणून तिनं हातानं गोल करून दाखवला.

माझ्या वहीत त्या दिवशी दोन रकाने आहेत. उजवा डाव्यापेक्षा लांब आहे.

या वर्षी आमच्याकडून दोघं निघाले आहेत, एक मुलगा आणि एक मुलगी. ऑगस्टमध्ये दोघांनीही इथल्या आपल्या बॅचचा एकेक तास रेकॉर्ड करून माझ्याकडं ठेवला आहे, आणि तो आम्ही मुद्दाम अजून पाहिलेला नाही. महिन्यातून एका रविवारी दोघं आमच्या त्या मुलीशी फोनवर बोलतील, माझ्याशी नाही, तिच्याशी. पहिल्याच बोलण्यात मुलानं विचारलं म्हणे, "ताई, प्रेझेंटेशनसाठी तुझ्या दिवाळीच्या स्लाइड देशील का?" तिनं दिल्या, आणि सांगितलं की एका वर्गात एकदाच दाखव. मेमध्ये ते परतले की रेकॉर्ड केलेले तास चौघं मिळून बघायचे, आणि जूनचं वेळापत्रक हातात घेऊन बसायचं, असं ठरलं आहे.